मक्याचा मुरघास कोरडा झाला असेल तर दुभत्या गायींना तो कसा घालावा

मुरघास म्हणजे हिरव्या पिकाची कुट्टी खड्ड्यात किंवा बॅगेत दाबून, हवाबंद आंबवलेला चारा. चांगल्या मक्याच्या मुरघासात शंभर किलोमागे ३२ ते ३८ किलो कोरडा अंश असतो आणि बाकी पाणी. कोरडा अंश म्हणजे सगळं पाणी उडवून टाकल्यावर जे उरतं ते. ऊर्जा, प्रथिनं, तंतू, खनिजं सगळं त्यातच असतं. हा आकडा ४० च्या वर गेला की मुरघास कोरडा समजावा आणि ४५ च्या वर गेला की फारच कोरडा. पावसाने ओढ दिली, कुट्टीचं यंत्र वेळेवर मिळालं नाही, पानांवर रोग पडून झाड उभ्याउभ्या वाळलं, कारण यातलं कुठलंही असू शकतं. दाणा भरत आल्यावर उभ्या मक्यात कोरडा अंश रोज साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याने वाढतो, कडक उन्हात आणि वाऱ्यात त्याहून जास्त. म्हणजे आठवडाभर उशीर झाला की ३५ टक्क्यांचं पीक सहज ४० वर जातं.

असा मुरघास टाकून द्यायचा नसतो. उलट कणसं चांगली भरलेली असतील तर त्यात स्टार्च भरपूर असतो, कोरड्या अंशाच्या ३० ते ३५ टक्के किंवा थोडा अधिकही. गायीला पाणी कमी मिळेल ही भीतीही फोल आहे. ती हौदावर जाऊन पाणी पिते. कमी पाण्यामुळे दोन गोष्टी बिघडतात आणि खरा त्रास त्यांचाच असतो. कोरडी कुट्टी नीट दाबली जात नाही, त्यामुळे ढिगात हवा राहते. आणि पिकलेला दाणा इतका टणक होतो की तो न फुटताच गायीच्या पोटातून बाहेर येतो. पुढचे जवळजवळ सगळे उपाय या दोन गोष्टींशी जोडलेले आहेत. मुरघासावर पाणी शिंपडून यातली एकही गोष्ट सुधारत नाही.

आधी कोरडा अंश मोजा

अंदाजावर काम करू नका. मुठीत मुरघास घट्ट दाबून सोडला आणि गोळा लगेच विस्कटला, हाताला ओल लागली नाही, तर तो ४० टक्क्यांच्या वर आहे एवढं कळतं. ४१ आहे की ४८ हे मुठीला कळत नाही, आणि रेशन, म्हणजे गायीच्या रोजच्या सगळ्या खाद्याचा हिशेब, लावायला नेमका तोच फरक लागतो.

घरचा मायक्रोवेव्ह आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा एवढ्यावर काम भागतं. मुरघासाच्या उघड्या तोंडावरून वर, मध्ये, खाली अशा सात-आठ ठिकाणांहून मूठमूठ माल घ्या. कडेचा वाळलेला पापुद्रा घेऊ नका. सगळा नीट कालवा आणि त्यातले बरोबर १०० ग्रॅम ताटलीत पसरा. ताटलीचं वजन आधी वेगळं करून ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये कोपऱ्यात पेलाभर पाणी ठेवा, नाहीतर शेवटी नमुना जळतो. पूर्ण पॉवरवर तीन-चार मिनिटं चालवा, बाहेर काढून वजन करा, हलवा, मग एकेक मिनिट आणि शेवटी अर्ध्या अर्ध्या मिनिटाने. लागोपाठ दोन वजनांत एक ग्रॅमचाही फरक उरला नाही की थांबा. उरलेले ग्रॅम हाच कोरड्या अंशाचा टक्का. ४४ ग्रॅम उरले तर ४४ टक्के. नमुना काळा पडला किंवा धूर आला तर तो फेकून पुन्हा करा, कारण जळालेल्या नमुन्यात पाण्याबरोबर मालही उडालेला असतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह वापरलात तर आंबूस वास दोन दिवस घर सोडत नाही. जुना मिळाला तर गोठ्यातच ठेवावा.

ही मोजणी आठवड्यातून एकदा करा. एकाच खड्ड्यात वेगवेगळ्या वावरांचा मका असतो, तोंड पुढे सरकतं तसा आकडा बदलतो. तोंडावर पाऊस पडला तर त्याच दिवशी पुन्हा मोजा.

वजन तेच ठेवलं की रेशन बिघडतं

समजा एका गायीला मुरघासातून ८ किलो कोरडा अंश द्यायचा ठरवलाय. मुरघास ३४ टक्क्यांचा असेल तर ८ भागिले ०.३४, म्हणजे साडेतेवीस किलो घालायचा. नवा खड्डा उघडला आणि तो ४४ टक्क्यांचा निघाला तर ८ भागिले ०.४४, म्हणजे १८.२ किलो पुरतो. पण हात साडेतेवीसलाच सवयीचा असतो. तेवढा घातला तर गायीसमोर १०.३ किलो कोरडा अंश पडतो, ठरवल्यापेक्षा २.३ किलो जास्त.

गायीच्या पोटाला मर्यादा आहे. दिवसाला २० किलो कोरडा अंश खाणारी गाय हे वाढीव खाऊन शिवाय ठरलेली पेंड आणि वैरण संपवेल असं होत नाही. एकत्र कालवलेलं खाद्य असेल तर प्रत्येक घासातला पेंडीचा वाटा कमी होतो. मक्याच्या मुरघासात प्रथिनं जेमतेम ७ ते साडेआठ टक्के असतात, त्यामुळे सगळ्या रेशनचं प्रथिन खाली येतं. दुसरीकडे पाऊण किलोच्या आसपास स्टार्च जास्त जातो. दूध का उतरलं याचा शोध मग भलतीकडेच सुरू होतो, पेंड बदलली जाते, मिनरल मिक्श्चर बदललं जातं.

टोपलीने किंवा घमेल्याने मोजणाऱ्यांची चूक नेमकी उलट्या दिशेने होते. कोरडा मुरघास फुगीर असतो, त्याच टोपलीत त्याचं वजन कमी भरतं. कधी कोरडा अंश नशिबाने बरोबर जुळतो, कधी दीड-दोन किलो कमी पडतो. एकदा टोपली काट्यावर ठेवून बघा आणि खड्डा बदलला की पुन्हा ठेवा.

जुन्या खड्ड्यावरून नव्यावर एका रात्रीत जाऊ नका. दहा ते चौदा दिवस दोन्ही मिसळून घाला, पाव, अर्धा, पाऊण अशा टप्प्यांनी. त्यासाठी जुना संपायच्या आत नवा उघडावा लागतो, आणि दोन तोंडं एकाच वेळी उघडी ठेवायची असतील तर रोजचा उपसा दोन्हीकडे पुरेल का हे आधी बघावं लागतं.

दाणा: ऊर्जा इथेच अडकते

मक्याच्या दाण्यात स्टार्चचे कण झेन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्यात बसलेले असतात. दाणा जसा पिकतो तसं हे जाळं दाट होतं. दाण्याच्या टोकाशी काळा थर दिसू लागला की दाणा पूर्ण पक्व झाला. त्यानंतर तो फक्त वाळतो आणि टणक होतो. अख्खा दाणा कोठीपोटात, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटात, गेला तर त्याच्या सालीतून जिवाणूंना आत शिरता येत नाही. गाय ओला दाणा चावून फोडते, पण टणक दाणे बरेचसे तसेच गिळले जातात.

म्हणून पहिली तपासणी दाणे फुटलेत का याची. बादलीत पाणी घ्या, त्यात एक लिटर मापाचा मुरघास सोडा आणि ढवळा. ताटं, पानं, भुसा तरंगतो, दाणे तळाशी बसतात. वरचं काढून पाणी ओता आणि तळाचे दाणे बघा. अख्खे किंवा जेमतेम दोन तुकडे झालेले दाणे दोन-तीनपेक्षा जास्त दिसले तर दाणे फोडणं कमी पडलंय. प्रयोगशाळेत हेच काम ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीने करतात. एकूण स्टार्चपैकी ७० टक्क्यांहून जास्त त्या चाळणीतून खाली गेला तर उत्तम, ५० ते ७० चालेल, ५० च्या खाली वाईट.

दुसरी तपासणी शेणात. चार-पाच गायींचं ताजं शेण घेऊन ते बारीक चाळणीत पाण्याखाली धुवा. पिवळे टपोरे दाणे किंवा मोठे तुकडे हाती लागले तर दुधात जायला हवी होती ती ऊर्जा उकिरड्यावर जातेय. नुसती साल दिसली आणि आत काही नसेल तर काळजी नाही, स्टार्च वापरला गेलाय. नेमका आकडा हवा असेल तर शेणातला स्टार्च प्रयोगशाळेत मोजून घ्यावा. शेणाच्या कोरड्या अंशात ३ टक्क्यांपर्यंत स्टार्च ठीक, ५ च्या वर गेला तर कारण शोधायला हवं. यावरून पचन काढायचं एक सोपं सूत्र आहे: शेणातल्या स्टार्चचा टक्का गुणिले १.२५, आणि ते १०० मधून वजा. शेणात १० टक्के स्टार्च निघाला तर खाल्लेल्या स्टार्चपैकी ८७.५ टक्केच पचला. चांगल्या कळपात हे पचन ९६ टक्क्यांच्या वर असतं.

मुरघास बंद ठेवला तर वेळ थोडं काम करते. आंबताना आणि नंतरच्या महिन्यांत आम्ल आणि जिवाणूंची विकरं झेनचं जाळं हळूहळू सोडवतात, आणि स्टार्च अधिक पचनीय होत जातो. चांगल्या ओलाव्याच्या मुरघासातही हा बदल पुढचे चार ते सहा महिने चालू राहतो. कोरड्यात तो मंद चालतो, कारण जिवाणूंना पाणी कमी आणि आम्लही कमी तयार होतं. म्हणून दोन खड्ड्यांपैकी एक कोरडा असेल तर तो शेवटी उघडावा. निदान तीन-चार महिने त्याला हात लावू नये, अर्थात वरचं प्लास्टिक शाबूत असेल तर. पण ज्या दाण्याला चीरही पडलेली नाही त्याला वर्षभर ठेवूनही फारसा फायदा होत नाही.

दाणे अख्खेच राहिले असतील तर घालण्याच्या वेळी मुरघास रोलर किंवा हॅमर मिलमधून काढता येतो. दाणे फुटतात, पण तंतूही बारीक होतात आणि मोकळा झालेला माल लवकर तापतो. त्यामुळे लागेल तेवढाच काढावा, लगेच घालावा आणि रेशनमध्ये लांब वैरण थोडी वाढवावी. लहान कळपाला हे जमतं, मोठ्याला त्रासाचं होतं.

तेही शक्य नसेल तर अडकलेली ऊर्जा दुसरीकडून भरून काढायची. त्यासाठी मुरघास वाढवू नका, वाढवला तर अख्खे दाणेही वाढतात. बारीक दळलेला मका अर्धा किलोपासून सुरू करा आणि आठवडाभर दूध, फॅट आणि शेण बघा. जाडसर भरडा नको, अडचण जाड दाण्याचीच आहे. गहू आणि बार्ली मक्यापेक्षा कोठीपोटात कितीतरी झपाट्याने फुटतात, त्यांना हात आखडून वापरावं. सगळ्या रेशनमध्ये स्टार्च कोरड्या अंशाच्या २४ ते २८ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. कोरडा मुरघास असताना कागदावरचा आकडा आणि पोटात खरा मिळणारा स्टार्च यांत अंतर पडतं, एवढं लक्षात असू द्या.

इथे एक सापळा आहे. खड्डा उघडल्यावर लावलेलं रेशन चार महिन्यांनी तेच राहिलं, दरम्यान मुरघासातला स्टार्च पचनीय झाला, आणि वर दळलेला मका चालूच आहे. मग कोठीपोटात आम्लता वाढते. गायी एक दिवस भरपूर, दुसऱ्या दिवशी कमी खातात, शेण पातळ आणि फेसाळ होतं, दुधाचं फॅट घसरतं, रवंथ करणाऱ्या गायी कमी दिसतात, काही आठवड्यांनी लंगडणं सुरू होतं. शेणातले दाणे कमी होऊ लागले की दळलेला मकाही त्या मानाने उतरवायचा.

तापणारा मुरघास

ढिगात हवा राहिली की आंबवण रेंगाळते. लॅक्टिक आम्ल कमी तयार होतं, आणि चांगल्या मुरघासाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका माल आंबट) ३.७ ते ४ असतो तिथे कोरड्याचा ४.२ च्या पुढे राहू शकतो. या आम्लात यीस्ट मरत नाही, नुसतं झोपून राहतं. तोंड उघडलं, हवा आत शिरली की ते लॅक्टिक आम्लच खायला लागतं. आम्ल संपतं तसा पीएच वर चढतो, मग बुरशीला रान मोकळं. यीस्टच्या या खाण्यातूनच उष्णता निघते. कोरड्या मालात पाणी कमी असल्याने तो तेवढ्याच उष्णतेने जास्त तापतो आणि लवकर तापतो. तापलेल्या मुरघासातून जे जळतं ते सगळ्यात पचनीय असतं, तंतू मागे राहतात.

लांब दांड्याचा थर्मामीटर तोंडात १५-२० सेंटिमीटर घाला, मग अर्धा मीटर आत. बाहेरचा थर आतल्यापेक्षा ८-१० अंशांनी गरम असेल तर मुरघास तापतोय. नुकत्याच भरलेल्या ढिगातली ऊब वेगळी, ती सगळीकडे सारखी असते. आतलं तापमान भरल्यानंतर ५० अंशांच्या पुढे जाऊन बराच काळ राहिलं असेल तर माल तपकिरी होतो आणि त्याला तंबाखू किंवा जळक्या साखरेसारखा वास येतो. गायींना तो वास आवडतो, खातातही चवीने. पण त्यातलं बरंचसं प्रथिन साखरेशी बांधलं गेलेलं असतं आणि पचत नाही. अशा मालाची प्रथिनं नुसती एकूण मोजून भागत नाही, प्रयोगशाळेकडून बांधील प्रथिन वेगळं मागून घ्या आणि ते वजा करून रेशन लावा.

तापण्यावरचा सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे वेग. हवा आत शिरते त्याहून वेगाने तोंड पुढे सरकलं पाहिजे. थंडीत रोज निदान १५ सेंटिमीटर, उन्हाळ्यात ३०. कोरड्यासाठी थंडीतही थोडा जास्तच ठेवा. हे आपल्या गोठ्याला जमतं का ते आकड्यांनी बघू. तोंड ३ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, रोज ३० सेंटिमीटर काढायचा: १.३५ घनमीटर. दाब कमी बसलेल्या कोरड्या मुरघासाचं घनमीटरला ५०० किलो धरा, म्हणजे पावणेसातशे किलो. गायीला १८.२ किलो तर हे ३७ गायींचं काम आहे. पंधरा गायींच्या गोठ्यासाठी हे तोंड उन्हाळ्यात मोठं पडतं. तो कळप अरुंद खड्ड्यावर किंवा बॅगांवर असलेला बरा. बॅगेत कोरडा माल खड्ड्यापेक्षा चांगला टिकतो, मात्र उंदीर-घुशींचं आणि पक्ष्यांचं एक छिद्र सगळं घालवतं. छिद्र रोज शोधा आणि त्याच दिवशी टेप लावा.

मुरघास वरून खाली, सरळ खरवडून काढा. फावड्याने उचकटून भगदाडं पाडली की हवा मीटरभर आत जाते. खाली पाडलेला सैल ढीग रात्रभर ठेवू नका. प्लास्टिक दोन-तीन दिवसांना पुरेल एवढंच मागे घ्या, आणि त्याच्या कडेवर वजन हवंच.

गव्हाणीतही माल तापतो. हात घालून बघा, दुपारी तो कोमट लागला तर दिवसातून एकदाऐवजी दोनदा किंवा तीनदा घाला, आणि जुनं उष्टं झाडून मगच नवं टाका. तरीही तापत असेल तर प्रोपिऑनिक आम्लाचं मिश्रण कालवताना वापरता येतं, टनाला साधारण एक ते दोन किलो. नेमकं प्रमाण डब्यावर असतं. गंजवणारं नाही असं, क्षारात बांधलेलं घ्यावं. हे आधीच सडलेल्याला चांगलं करत नाही, चांगल्याला काही तास जास्त टिकवतं, इतकंच.

पांढरे, निळसर-हिरवे, लाल डाग असलेला किंवा गोळे झालेला माल काढून टाका, थोडासुद्धा कालवू नका. वरच्या सडलेल्या थराचा लहानसा वाटाही खाणं आणि पचन दोन्ही खाली आणतो. दुष्काळात वाढलेल्या मक्यावर अ‍ॅफ्लाटॉक्सिन तयार करणारी बुरशी शेतातच आलेली असू शकते, तिचं विष डोळ्यांना दिसत नाही. ते गायीच्या शरीरातून एम-वन या रूपात दुधात उतरतं. पीक पावसाअभावी वाळलेलं असेल तर एकदा तपासणी करून घेणं शहाणपणाचं. विष बांधणारी पावडर हा त्या तपासणीला पर्याय नाही.

गव्हाणीत निवडून खाणं

कोरड्या मुरघासात कणसाच्या बुरकुंडाच्या चकत्या, सालपटं आणि ताटाचे लांब तुकडे कडक राहतात. गाय नाकाने ते बाजूला सारते आणि खालचा बारीक, पेंडीचा माल उचलते. पहिल्या तासात तिला पेंड जास्त जाते, संध्याकाळी मागे राहिलेल्यांना नुसता भुसा. एकाच रेशनवर काही गायींना आम्लता होते आणि काही उपाशी राहतात.

हे थांबवायला मात्र पाणी खरंच उपयोगी पडतं. कालवलेल्या खाद्याचा कोरडा अंश ४५ ते ५० टक्क्यांवर आणा. हिशेब असा: ४०० किलो खाद्य ५८ टक्क्यांचं असेल तर त्यात २३२ किलो कोरडा अंश आहे. ४८ टक्क्यांवर आणायचं तर एकूण वजन ४८३ किलो हवं, म्हणजे ८३ लिटर पाणी. उसाच्या मळीचं (मोलॅसिसचं) पाणी वापरलं तर बारीक कण चिकटून बसतात, फायदा जास्त. पाणी शेवटी घालून नीट कालवायचं आणि लगेच वाटायचं. उन्हाळ्यात ओलं केलेलं खाद्य पडून राहिलं तर अधिक तापतं, तेव्हा त्या दिवसांत पाणी कमी आणि वाटणं जास्त वेळा. पेंडीच्या मात्रा मोजताना हे पाणी हिशेबात धरायचं, नाहीतर पुन्हा आधीचीच वजनाची चूक.

गायी निवडतात की नाही हे थरांच्या चाळणीने तपासता येतं. सकाळी वाटल्याबरोबरचा नमुना आणि सहा तासांनी त्याच गव्हाणीतला नमुना घ्या. १९ मिलिमीटरच्या वरच्या चाळणीवर राहणारा माल दुसऱ्या वेळी ठळक वाढला असेल तर निवडणं चालू आहे. नुसत्या मुरघासात या वरच्या चाळणीवर ३ ते ८ टक्के माल राहावा, ८ मिलिमीटरच्या चाळणीवर ४५ ते ६५.

प्रथिनांबद्दल थोडक्यात. आंबवण कमी झाल्याने कोरड्या मुरघासात विरघळणारं प्रथिन कमी असतं, आणि कोठीपोटातल्या जिवाणूंना तेच चटकन हवं असतं. सोयाबीन पेंडीचा वाटा किंचित वाढवला की बहुतेक वेळा भागतं. युरिया वापरायचाच तर रेशनच्या कोरड्या अंशाच्या १ टक्क्याच्या आत, सगळीकडे सारखा कालवून, हळूहळू वाढवत, आणि वासरांना अजिबात नाही. मक्याच्या मुरघासात कॅल्शियम कोरडा असो वा ओला, कमीच असतं. उशिरा कापलेल्या, पानं वाळलेल्या मक्यात कॅरोटीनही घटलेलं असतं, म्हणून व्हिटॅमिन ए मात्रेत आहे ना ते बघा.

गट वेगळे असतील तर वाटणी सोपी होते. नुकत्याच व्यायलेल्या आणि भर दुधातल्या गायींना सगळ्यात चांगला, नीट फुटलेल्या दाण्याचा मुरघास द्या. उतरत्या दुधाच्या गायी आणि मोठ्या कालवडी कोरडा मुरघास चांगला चालवून घेतात. आटलेल्या गायींना मात्र मोजून, कारण स्टार्च जास्त झाला की त्या चरबी धरतात आणि व्याल्यावर खाणं सोडतात. बुरशीचा माल "कालवडींना चालेल" असं म्हणून तिकडे ढकलू नये. गाभण जनावराला त्याचा धोका जास्त.

पीक अजून शेतात असेल तर

भरण्याआधी कळलं की मका कोरडा आहे, तर बरंच काही हातात असतं. कुट्टी बारीक करा. दाणे चिरडणारे रोलर नसलेल्या यंत्रावर ६ ते १० मिलिमीटर, कारण बारीक तुकडा चांगला दबतो आणि दाणेही थोडे जास्त चिरतात. रोलर असतील तर त्यांच्यातली फट १ ते २ मिलिमीटरपर्यंत आणा, आणि रोलरवरचे दाते झिजले असतील तर फट कमी करूनही उपयोग नाही. कापणी थोडी खालून करा. ताटाचा बुंधा सगळ्यात ओला असतो, उंच कापलं तर मुरघास आणखी कोरडा होतो. अगदी जमिनीलगतही नको, माती येते.

खड्ड्यात कोरडा माल तळाशी आणि त्यातल्या त्यात ओला वर असा घाला. थर १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. दाबायच्या ट्रॅक्टरचं वजन ताशी येणाऱ्या टनाला ४०० किलो या हिशेबाने हवं: तासाला २० टन कुट्टी येत असेल तर ८ टन वजन. ट्रॅक्टर हलका असेल तर माल आणण्याचा वेग कमी करा. घनमीटरला २४० किलो कोरडा अंश हे लक्ष्य आहे. भरून झालं की त्याच दिवशी झाका.

पाणी घालून ओलावा वाढवायचा विचार आला तर आधी गणित करा. ४५ टक्क्यांच्या एका टन कुट्टीला ४० वर आणायला १२५ लिटर पाणी लागतं, ३५ वर आणायला २८५ च्या पुढे. शंभर टनांचा खड्डा असेल तर किती टँकर, आणि ते पाणी थरांत मुरण्याऐवजी तळाशी वाहून जाणार. वरच्या शेवटच्या थरांपुरतं ते ठीक आहे. त्यापेक्षा लॅक्टोबॅसिलस बुकनेरी जातीचं जिवाणू कल्चर वापरा, एका ग्रॅम चाऱ्याला ४ लाख जिवंत जिवाणू या मात्रेत. ते लॅक्टिक आम्लाचा काही भाग अ‍ॅसेटिक आम्लात बदलतं आणि यीस्टला ते सोसत नाही. मात्र त्याला काम करायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणून तीन आठवड्यांत उघडायच्या खड्ड्यात त्याचा उपयोग नाही. कोरड्या मालावर कल्चर पावडर भुरभुरवण्यापेक्षा पाण्यात विरघळवून फवारलेलं चांगलं पसरतं.

गारठ्याने पानं करपलेली असतील तर घाई करू नका. पानं कडकडीत दिसतात पण ताट आणि कणीस ओलं असतं, आणि झाड दिसतं त्यापेक्षा पाच-दहा टक्क्यांनी ओलं निघू शकतं. चार-पाच झाडं कुट्टी करून मायक्रोवेव्हमध्ये मोजा. आणि मोजल्यावर आकडा ४५ च्या बराच वर गेला, ताटं लाकडासारखी झाली असतील, तर मुरघासाचा नाद सोडून कणसं किंवा दाणे वेगळे काढणं फायद्याचं पडतं. दाण्यात २८ ते ३२ टक्के पाणी असेल तर दाणे दळून, दाबून, हवाबंद आंबवता येतात. त्याहून वाळले असतील तर पूर्ण वाळवून साठवावेत आणि घालताना बारीक दळावेत.